लखमापूर फाट्यापासून पुढे

मोहिनीने सप्तशृंगी गडावर चालत जायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त भडकली ती तिची आई, कुसाबाई. आणि नवस तर तिनेच बोललेला होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहिनी नवऱ्याच्या, दीपकच्या मोटरसायकलवर मागे बसून वर्कशॉपातल्या पहिल्या पाळीला निघाली होती. सातपूरच्या चौकात एका टँकरने अचानक वळण घेतलं, गाडी आडवी झाली आणि तिचा डावा पाय चाकाखाली सापडला. दीपकचं खरचटण्यावर निभावलं. कुसाबाई गावाहून आली ती थेट दवाखान्यात. जिन्यातच बसली, पदर पसरला आणि म्हणाली, "माय, पोरीचा पाय वाचव. तिला चालवत तुझ्या गडावर आणीन." दोन दिवस वाट पाहून डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला.

तेव्हापासून कुसाबाई लेकीकडेच राहिली होती. देवीचा फोटो तिने भिंतीवरून उतरवला नाही, पण त्याच्यासमोर उदबत्तीही लावली नाही. चैत्रात कॉलनीतल्या मंडळाची पदयात्रा निघाली की ती दार लोटून घ्यायची.

"तो नवस कधीच गेला पाण्यात," ती म्हणाली. "तिनं दिलं नाय, आपण द्यायचं नाय. विषय संपला."

"तिचा संपला असेल, माझा नाही," मोहिनी म्हणाली. "तिने तिचं पाळलं नाही, मी माझं पाळून दाखवते. तिच्यासमोर उभी राहून सांगते, बघ, तू काही केलं नाहीस, तरी आले."

"असं बोलू नये गं देवीला."

"आणि तू? तीन वर्षं तू तिच्याशी अबोला धरलाय. मी निदान बोलायला तरी चाललेय."

कुसाबाई उठून मोरीकडे गेली. ती भांडी आपटत राहिली.

दीपकने वेगळ्या बाजूने समजावून पाहिलं. गडावर बस जाते, वर चढायला ट्रॉली आहे, म्हणशील तेव्हा सुट्टी काढतो. मोहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे कालव्याच्या कडेने चालायला सुरुवात केली. पौषापासून चैत्रापर्यंत एक सकाळ चुकवली नाही. वर्कशॉपात ती दिवसभर बसून मोटारींच्या कॉइल गुंडाळायची, त्यामुळे पायाला सवयच राहिली नव्हती. आधी पिठाच्या गिरणीपर्यंत, मग पुलापर्यंत, मग पुलाच्याही पुढे असं करत तिने अंतर वाढवलं. जिथे तिला कृत्रिम पाय बसवून दिला होता तिथल्या सरांना जाऊन भेटली. त्यांनी जा म्हटलं नाही आणि जाऊ नकोही म्हटलं नाही. फक्त बजावलं, "थांबलीस की पाय काढून बघायचं. लाली थोड्या वेळात गेली तर ठीक. नाही गेली तर जास्त विश्रांती. आणि कातडी फाटली तर पाय घालायचा नाही. मग तिथे देवी असो नाही तर कोणी असो."

मंडळाचा अध्यक्ष सोमनाथ. त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, आवाज मोठा होता आणि मनाने माणूस वाईट नव्हता. त्याने आनंदाने नाव लिहून घेतलं आणि वर म्हणाला, "ताई, तुम्ही टेम्पोत बसा. गडाच्या पायथ्याशी उतरवतो, हातात ध्वज देतो. तुम्ही सगळ्यांच्या पुढे."

"टेम्पोत भांडी बसतात, सोमनाथभाऊ. मी चालणार आहे. आणि पुढे नको, मी मागेच बरी. माझी चाल हळू आहे."

निघायच्या सकाळी कुसाबाई कधी नव्हे ती लवकर आंघोळ करून, पिशवी काखेत मारून दारात उभी. पायात चपला नव्हत्या.

"तू कुठे?"

"तू पडलीस तं उचलील कोण? आन नवस माझा व्हता, तं अनवाणी मीच चालन."

मोहिनीने वाद घातला नाही. मंडळाची पालखी निघाली, ढोल वाजला, "अंबे माता की जय" झालं आणि सगळ्यांच्या शेवटी या दोघी सातपूरहून नाशिकच्या दिशेने चालू लागल्या.

पहिल्या दिवशी ऊन चढायच्या आत त्यांनी पंचवटी मागे टाकली. म्हसरूळच्या पुढे दिंडोरी रोडला एका मंडपात सरबताचं वाटप चाललं होतं. सोमनाथने टेम्पोवरच्या भोंग्यातून सुरू केलं, "एका पायाने गडावर निघालेली आपल्या सातपूरची भगिनी! बघा, देवीचा चमत्कार!" चार माणसं मोबाईल घेऊन पुढे आली. एका बाईने वाकून मोहिनीच्या डाव्या बुटाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

मोहिनी खाली बसली. साडीचा काठ वर घेतला, पट्टा सैल केला आणि पाय काढला. आतून मोजा निथळत होता. तिने उरलेला पाय बसतो ते सॉकेट उलटं केलं, घामाची धार डांबरावर सांडली.

"सोमनाथभाऊ, याचा काढा व्हिडिओ," ती म्हणाली. "चमत्कार असता तर हा घालावा लागला नसता. आणि बाई, हा पाय फायबरचा आहे. पाया पडायचंच असेल तर ज्यांनी बनवला त्यांच्या पडा."

मोबाईल एकेक करून खाली गेले. सोमनाथचा चेहरा पडला. त्याने भोंगा बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. कुसाबाई कुजबुजली, "लय तोडून बोलतीस तू." मग स्वतःच्या पदराने तो खुंट पुसायला लागली. मोहिनीने तो वाऱ्यावर वाळू दिला, कोरडा मोजा चढवला, लाली उतरलेली पाहिली आणि मग उठली.

संध्याकाळी ढकांब्याच्या शाळेच्या आवारात मुक्काम पडला. सगळ्या मंडळाची रया गेली होती. पुरुषांच्या मांड्या घासून सोलवटल्या होत्या. ते पाय फाकवून चालत होते आणि खोबरेल तेलाची बाटली एकमेकांना लपवून देत होते. बायका तळव्यांवर फुंकर घालत होत्या. कुसाबाई मात्र भिंतीकडे तोंड करून बसली होती. मोहिनीने तिचं चालणं दुपारपासून पाहिलं होतं. ती टाचेच्या कडेवर चालत होती.

"पाय दाखव."

"काय नाय झालं."

मोहिनीने तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. दोन्ही तळव्यांवर पाण्याने टरारलेले फोड. एक फोड बाभळीच्या काट्याने फोडलेला आणि त्यात रस्त्याची माती बसलेली.

"काट्याने फोडलास? रस्त्यावरच्या?"

"मंग काय सोन्याची सुई आणू? आमी जल्मभर असंच केलंय."

मोहिनीने तो पाय साबणाने धुतला, औषध लावलं, पट्टी बांधली. न फुटलेल्या फोडांना हात लावला नाही. मग पिशवीतून स्वतःच्या जुन्या सँडल काढून आईपुढे ठेवल्या.

"उद्या या घालायच्या."

"देवीला अनवाणी बोलले व्हते मी."

"तू चालवत आणीन म्हणालीस. अनवाणीचं तू आज सकाळी घातलंस त्यात. आणि तू तर बोलत नाहीस ना तिच्याशी? मग कशाची भीती?"

कुसाबाईला हसू फुटलं. तीन वर्षांत देवीच्या विषयावर ती पहिल्यांदाच हसली असेल. "लय बेरकी झालीस," म्हणाली आणि सँडल पिशवीखाली सरकवल्या. सकाळी त्या तिच्या पायात होत्या.

दुसरा दिवस वाईट निघाला. दिंडोरी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, पण हंगाम संपून खरड छाटणी झालेली, त्यामुळे तारांवर नुसत्या काड्या. सावलीचा पत्ता नाही. डांबर मऊ पडून बुटाला चिकटत होतं. मोहिनीचा खुंट उन्हात आणि चालीत आक्रसला की सॉकेटमध्ये हलायचा. मग ती एक मोजा वाढवायची. मोजा वाढवला की घाम वाढायचा. एकदा बसली, पाहिलं, लाली होती. पाणी प्यायली, बराच वेळ वाट पाहिली. लाली गेली, पण पुरती नाही. मंडळ दिसेनासं झालं होतं. ती उठली.

लखमापूर फाटा मागे पडला आणि थोड्याच वेळाने तिला नडगीच्या हाडाच्या टोकाशी चटका बसला. पाय पडला की चटका, उचलला की नाही. तिला कळलं. तरी दहा-वीस पावलं ती तशीच पुढे गेली, कारण कळलेलं मान्य करायला तेवढी पावलं लागली. मग रस्त्याच्या कडेला एका मळ्याशी पत्र्याची पडवी होती, तिथे जाऊन तिने विचारलं, "बसू का जरा?"

पडवीत एक बाई छाटणीच्या काड्यांच्या मोळ्या बांधत होती. सुरकुतलेला चेहरा, डोक्याला टॉवेल. चतुराबाई तिचं नाव. मळ्यावर राखणीला आणि कामाला ती आणि तिचा नवरा राहायचे. तिने काही न विचारता खाट सावलीत ओढली आणि माठातलं पाणी आणलं. मोहिनीने पाय काढला तेव्हा ती दचकली नाही, की "अरे देवा" म्हणाली नाही. मोजा पांढरा होता आणि त्यावर रक्ताचा डाग होता. कातडी नखाएवढी फाटली होती.

"आता?" कुसाबाईने विचारलं.

"आता काही नाही. फाटली."

तेवढ्यात सोमनाथ टेम्पो घेऊन मागे आला. त्याने जखम पाहिली आणि आदल्या दिवसाचा राग विसरून हळहळला. पण लगेच त्याचं डोकं चाललं. "ताई, काळजी नको. टेम्पोत नको म्हणता ना? खुर्ची आहे. तिला दोन बांबू बांधतो. पोरं खांद्यावरून नेतील. उद्या संध्याकाळी गडावर. यात्रेच्या मुख्य दिवशी दर्शन!"

"मी पालखीतली मूर्ती नाही, भाऊ."

"मग करायचं काय? इतकं आलात ना!"

आणि तेव्हा नवल घडलं. जी बाई तीन महिने जाऊ नको म्हणून कपाळ बडवत होती, तीच कुसाबाई लेकीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मोहने, थोडंच राह्यलंय. वणी इथंच तं हाय. मऊ कापड बांधू घट, वर मोजा घाल. दात आवळून चल. आता माघारी नको फिरू. लोकं हसतील."

मोहिनीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खुद्द मोहिनीच्याही मनात तेच चाललं होतं: घट्ट बांधलं तर? हळू गेलं तर? गड नुसता दिसत असता, तर कदाचित ती गेलीही असती.

"आई, एकदा गुडघ्याखाली गेलाय," ती म्हणाली. "ही जखम चिघळली तर डॉक्टर वर कापतील. गुडघा द्यायचा नाहीये मला. देवीलाही नाही, लोकांच्या हसण्यालाही नाही. मी इथे थांबतेय. हरले म्हणून नाही. मला पुढे जायचंय म्हणून."

"मग पुन्हा कधी?" सोमनाथने विचारलं. "यात्रा तर परवा संपते."

"यात्रा तुमची संपते. गड कुठे चाललाय?"

सोमनाथ हात जोडून निघून गेला. टेम्पो दिसेनासा झाल्यावर मोहिनी रडली. मोठ्याने, रागाने, खाटेच्या काठावर मुठी आपटून रडली. चतुराबाईने तिला रडू दिलं. मग विचारलं, "चहा घेशील का? बिनदुधाचा हाय."

दीपक ओळखीच्या माणसाची रिक्षा आणि घरातल्या कुबड्या घेऊन न्यायला आला. निघताना मोहिनी कुबड्यांवर रस्त्यापर्यंत गेली. मळ्याच्या कोपऱ्यावर विजेचा खांब होता, त्यावर कोणीतरी खताची जाहिरात रंगवलेली. तिने चतुराबाईला सांगितलं, "मावशी, मी इथपर्यंत आले. याच्या पुढचं राहिलंय. परत येईन."

"ये की," चतुराबाई म्हणाली. "खांब काय उपटून नेत नाय कोणी."

यात्रेहून मंडळ परत आलं. सोमनाथ प्रसादाचा पुडा घेऊन घरी आला. तो जरा लंगडत होता, पण मोहिनीने विचारल्यावर म्हणाला, चालून चालून होतंच. मग खुशीत सांगायला लागला, "ताई, तुमच्या नावाने ओटी भरली, नारळ फोडला. नवस पोचला. पुजाऱ्यांनीही सांगितलं, भाव महत्त्वाचा."

"तुमचे उपकार, भाऊ. पण हा प्रसाद मी घेणार नाही," मोहिनी म्हणाली. "मी अजून पोचले नाही."

"असं प्रसादाला नाही म्हणतात होय?" कुसाबाईने पुढे होऊन पुडा घेतला, स्वतःचा वाटा खाल्ला आणि लेकीचाही खाऊन टाकला.

पुढचे काही आठवडे मोहिनी कुबड्यांवर कामाला गेली. कॉलनीत ज्याला त्याला काही ना काही म्हणायचं होतं. खंड पडला की पदयात्रा धरत नाहीत. मधूनच सुरू केलेलं देवीला चालत नाही. देवीच्या मनात नव्हतं, म्हणून तर पाय फाटला. या शेवटच्यावर मोहिनी नळावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिच्या मनात नसेल तर नसेल. माझ्या मनात आहे." पाय बनवणाऱ्या सरांनी सॉकेटला आतून घासून जागा करून दिली. जखम भरली, खपली गेली, नवी कातडी आली. ती पक्की होईपर्यंत सरांनी थांबायला सांगितलं आणि ती थांबली. हे थांबणं तिला चालण्यापेक्षा जड गेलं.

वैशाखात, एका आडवारी, दोघी मायलेकी कळवणच्या एसटीत बसल्या. या खेपेला कुबड्याही बरोबर घेतल्या होत्या. लखमापूर फाटा गेल्यावर मोहिनी कंडक्टरला म्हणाली, "पुढे खांबापाशी थांबवा."

"कसला खांब? इथे थांबा नाही, बाई. आता वणी."

"वणीला उतरवलंत तर मला इथपर्यंत उलट चालत यावं लागेल आणि पुन्हा वणीला चालत जावं लागेल."

"ते का?"

"मागच्या वेळी मी तिथेच थांबले होते."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, कुबड्यांकडे पाहिलं, मग कुसाबाईकडे पाहिलं. कुसाबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "ती ऐकणार नाय, साहेब. मी तिची आई हाय, मला माहीत." त्याने दोरी ओढली.

मळ्यातल्या काड्यांना आता हाताएवढ्या लांब फुटी आल्या होत्या आणि चतुराबाई त्यातल्या जास्तीच्या खुडत होती. तिने कपाळावर हात धरून पाहिलं, हसली आणि हात हलवला. मोहिनीने खांबाला पाठ टेकवून पट्टा घट्ट केला आणि पाऊल टाकलं.

या खेपेला ढोल नव्हता, भोंगा नव्हता, सरबताचा मंडप नव्हता. दोघी उजाडताच चालायच्या आणि ऊन तापलं की जिथे असतील तिथे थांबायच्या: कधी एखाद्या टपरीच्या छपराखाली, कधी देवळाच्या ओट्यावर. संध्याकाळी झेपलं तर थोडं आणखी. वणीत एक मुक्काम केला. नांदुरीच्या वाटेवर कुसाबाईचा गुडघा धरला, तेव्हा एक अख्खा दिवस त्यासाठी गेला. मोहिनी तिच्या गुडघ्याला शेक देत बसली.

"तू जा पुढं," कुसाबाई म्हणाली. "माझ्यापायी नको थांबू."

"मी थांबायला शिकलेय आता. तू पण शीक."

घाट चढायला लागल्या त्या सकाळी मागून एक मोटरसायकल आली. सोमनाथ होता. कॉलनीत दीपककडून कळलं म्हणाला. त्याने गाडी घाटाच्या सुरुवातीला लावली आणि त्यांच्याबरोबर चालू लागला. हातात ध्वज नव्हता, मोबाईल खिशात होता, आणि पायात चक्क खेळायचे बूट होते. थोडी चढण मागे पडल्यावर तो म्हणाला, "ताई, त्या वेळी टाचेत काच गेली होती माझ्या. अध्यक्षच थांबला तर पोरांना काय वाटेल म्हणून कोणाला बोललो नाही. पुढे पू झाला, कापावं लागलं. वर्कशॉप बंद ठेवलं दहा-बारा दिवस. गडावर पोचलो होतो मी, पण खरं सांगू? ताप इतका होता की दर्शनाचं काही आठवत नाही."

मोहिनीच्या ओठांवर बरंच काही आलं. पण तो टाच जपून टाकत होता, आणि तिला ती चाल ओळखीची होती. "पुढच्या वळणावर बसू," ती म्हणाली. "बूट काढून दाखवा मला."

वळणावर तिघांनी आपापले पाय मोकळे करून पाहिले. खाली खोल दरीत नांदुरीची घरं दिसत होती, वर कडा उभा होता. सोमनाथच्या टाचेची नवी कातडी लाल झाली होती. मोहिनीने त्याला तिथूनच माघारी पाठवलं. तो हो-नाही करत राहिला, "आता थोडंच तर," म्हणाला. तिने त्याचे बूट त्याच्यापुढे सरकवले. शेवटी तो उठला आणि घाट उतरू लागला.

पायऱ्यांशी चपला ठेवायच्या होत्या. बूट काढला की कृत्रिम पाय मागे कलतो, हे मोहिनीला माहीत होतं. तिने सरांकडून टाचेखाली बसेल अशी रबराची पट्टी करून आणली होती. ती कोऱ्या मोज्यात घालून तिने मोजा चढवला. रांगेतला एक माणूस म्हणाला, "ओ, मोजे काढा, मंदिर आहे." तिने साडी वर करून त्याला दाखवलं आणि म्हणाली, "हा मोजा काढला तर मी पडेन. तुम्ही धरणार का?" तो बाजूला झाला.

पायऱ्या तिने एकेक करून चढल्या. उजवा पाय आधी, मग डावा त्याच पायरीवर, मग कठड्याला धरून श्वास. कुसाबाई एक पायरी मागे, हात पुढे धरून. माणसं दोन्ही बाजूंनी पुढे जात होती. मधे एकदा मोहिनी पायरीवर बसली, पाय काढला, पाहिला, वाळवला, घातला. कोणी थांबून पाहिलं तर तिनेही त्याच्याकडे पाहिलं.

गर्दी नव्हती. देवी समोर उभी होती, अठरा हातांची, शेंदराने माखलेली, मोठाल्या डोळ्यांची. मोहिनीने तीन वर्षं मनात घोळवलेलं बोलायला तोंड उघडलं. तिने दोन्ही पाय नीट रोवले. आणि ती बोलली, हळू, पण ओठांतल्या ओठांत नाही.

"वाचवला नाहीस. तरी आले. मला तुझ्याकडून काही नकोय. आले एवढंच सांगायला आले."

बाजूचा पुजारी चमकला, मग त्याने दुसरीकडे पाहिलं. कुसाबाईने आधी लेकीचा दंड दाबला. मग तिच्याच तोंडून एकदम बाहेर पडलं, "माय, माझी पोर हाय ती. तू नाय दिलं तवा मी लय रडले गं. लय." आणि तिने तीन वर्षांत पहिल्यांदा त्या डोळ्यांकडे पाहत हात जोडले. मोहिनीने जोडले नाहीत. ती ताठ उभी राहिली. पुजाऱ्याने दोघींच्या हातांवर साखर ठेवली आणि या वेळी तिने ती खाल्ली.

बाहेर आल्यावर कुसाबाई पायऱ्यांकडे वळली. मोहिनीने तिला उलट्या बाजूला ओढलं.

"उतरायला ट्रॉली."

"अगं पण..."

"उतरायचं नवसात नव्हतं. उतरताना खुंटावर जास्त भार येतो. चल, तिकीट काढू."

ट्रॉलीत बसायला जागा मिळाली. कुसाबाई घाबरून डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. दीपक होता. कामावरूनच लावला होता, मागे यंत्रांचा आवाज येत होता.

"कुठे आहात?" तो ओरडून म्हणाला.

"गडावर. झालं दर्शन."

"पाय कसा आहे?"

"थोडी लाली आहे. जाईल. आज इथेच राहणार, उद्या पहिल्या एसटीने येते."

"आणि आई?"

मोहिनीने आईकडे पाहिलं. कुसाबाईने एक डोळा किलकिला केला होता आणि वर सरकत जाणारा कडा ती बघत होती.

"तिला विचार," मोहिनी म्हणाली आणि फोन आईच्या कानाला लावला.